वॉटरप्रूफ स्पीकरचे वय खर्जावरून ओळखावे

ऐरोलीला खाडीच्या बाजूला आमचे घर आहे आणि त्या घरात २०१९ च्या दिवाळीत घेतलेला, पाण्याच्या बाटलीएवढा, दोन्ही टोकांना रबराचे गोल पडदे असलेला एक वॉटरप्रूफ ब्लूटूथ स्पीकर आहे. गॅलरीत, स्वयंपाकघरात, न्हाणीघरात आणि क्वचित अलिबागच्या वाळूत अशी काही वर्षे काढल्यावर एका पावसाळ्यात त्याच्या आवाजात काहीतरी बिनसले. तो बंद पडला नाही, खरखरला नाही, गायकाचे शब्दही पूर्वीइतकेच स्पष्ट ऐकू येत होते. पण सकाळच्या अभंगात तबल्याची चाट तेवढी उरली होती आणि डग्गा कोणी उचलून नेल्यासारखा नाहीसा झाला होता.

ठाण्याला स्टेशनजवळच्या एका गल्लीत मोबाइल आणि स्पीकर दुरुस्त करणारे छोटेसे दुकान आहे. तिथल्या तरुणाने स्पीकर चालूसुद्धा केला नाही. त्याने तो आडवा धरला, एका टोकाच्या रबरी पडद्यावर अंगठा सपाट ठेवून हलकेच दाब दिला आणि नजर दुसऱ्या टोकावर ठेवली. "काका, इकडून दाबलं की तिकडचा पडदा बाहेर यायला पाहिजे. हा येतच नाही. हवा कुठूनतरी निघून जातेय," तो म्हणाला. मग शेजारी पडलेला तशाच घडणीचा दुसरा स्पीकर उचलून त्याने तेच करून दाखवले: एक पडदा आत गेला तसा दुसरा टम्म फुगला आणि अंगठा काढेपर्यंत फुगलेलाच राहिला.

या साध्या परीक्षेत अशा स्पीकरचे निम्मे शास्त्र सामावलेले आहे. पाणी आत येऊ न देणारी बंदिस्ती वेगळी आणि आवाज काढणारी यंत्रणा वेगळी, असे आपण समजतो. प्रत्यक्षात या प्रकारच्या स्पीकरमध्ये खर्जाचा आवाज त्याच बंदिस्तीच्या आधाराने तयार होतो. त्यामुळे बंदिस्ती सैल पडल्याची पहिली खूण पाण्यात नव्हे, तर आवाजात दिसू शकते. पाण्याने आतला सर्किट बोर्ड खाईपर्यंत वाट पाहण्याची गरज नसते. कान खर्जाकडे असला की पुरे.

आधी खोक्यावरच्या आकड्याचा उलगडा केला पाहिजे, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. 'आयपी ६७' हा सदुसष्ट नावाचा एकच दर्जा नव्हे. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकातील ही खूण आहे आणि भारतीय मानक ब्यूरोनेही तेच मानक स्वीकारलेले आहे. तिच्यातील पहिला अंक धुळीसारख्या घन कणांविषयी असतो आणि दुसरा पाण्याविषयी. पहिल्या जागी ६ असेल तर बारीक भुकटीच्या धुरळ्यात ठेवूनही आत धूळ शिरली नाही, असा त्याचा अर्थ होतो. त्या जागी 'एक्स' असेल तर धुळीचा दर्जा नोंदवलेलाच नाही, इतकाच बोध घ्यावा. दुसऱ्या जागी ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे बुडवूनही नुकसान होईल इतके पाणी आत गेले नाही. पाण्याच्या फवाऱ्याची चाचणी निराळी आहे: ५ साठी ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर पाणी मारले जाते आणि ६ साठी १२.५ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला १०० लिटर. ७ हा ५ आणि ६ पेक्षा मोठा अंक असला, तरी ७ मिळवणाऱ्या यंत्राने फवाऱ्याची परीक्षा दिली आहे असे गृहीत धरता येत नाही. स्थिर पाण्यात बुडणे आणि जोराचा झोत एका जागी बसणे यांत रबरावर पडणारा ताण वेगळा असतो. म्हणून बादलीत पडून सुखरूप बाहेर आलेला स्पीकर गॅलरी धुण्याच्या पाइपाने मात्र बिघडू शकतो, आणि दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झालेल्या यंत्रावर दोन्ही अंक स्वतंत्रपणे छापलेले असतात.

या चाचणीच्या अटी वाचल्या की तिची मर्यादा लक्षात येते. यंत्र नवे आणि स्वच्छ असते, पाणी गोडे असते, आणि बुडवण्याच्या चाचणीत यंत्र व पाणी यांच्या तापमानातला फरक ५ अंशांपेक्षा जास्त नसावा लागतो. शेवटची अट किरकोळ वाटते. मला विचाराल तर तीच सर्वांत बोलकी आहे. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर उन्हात राहिलेल्या काळ्या स्पीकरच्या आतली हवा ५० अंशांपर्यंत सहज तापते. तो तसाच उचलून २५ अंशांच्या पाण्यात टाकला, तर आतली हवा आकसते. आकारमान बदलले नाही असे धरले, तर आतला दाब जवळजवळ ८ टक्क्यांनी उतरतो, आणि बाहेरून पाण्याचा सुमारे ८० सेंटिमीटर उंचीचा स्तंभ दाबत असल्यासारखी ओढ प्रत्येक सांध्यावर येते. रबरी पडदे आत ओढले जाऊन यातला काही ताण घेतात, हे खरे. पण सांधा आधीच कमकुवत असेल, तर टबात वितभर बुडालेला तापलेला स्पीकर मीटरभर खोल गेल्यासारखा वागू लागतो आणि पाणी अक्षरशः ओढून घेतो. उन्हातून आणलेला स्पीकर अर्धा तास सावलीत ठेवून मगच पाण्याजवळ न्यावा, हा सल्ला यावरून निघतो.

हा दाब जुळवून घेण्यासाठी अनेक स्पीकरांत एक लहानसे छिद्र ठेवून त्यावर अतिसूक्ष्म रंध्रांचे पातळ पटल चिकटवलेले असते. ताणलेल्या टेफ्लॉनचे हे पटल पाण्याच्या थेंबाला अडवते, कारण पृष्ठताणामुळे थेंब त्या रंध्रांत शिरू शकत नाही. हवा आणि वाफ मात्र सावकाश ये-जा करतात. यातून दोन गोष्टी उद्भवतात. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे शाम्पूचा फेस भरलेली बादली त्याच्या दृष्टीने साध्या पाण्यापेक्षा जास्त त्रासदायक ठरते. दुसरी गोष्ट अशी की पाणी अडवणारा स्पीकर वाफ अडवत नाही. जून ते सप्टेंबरच्या ओलसर हवेत महिनोन्‌महिने राहिलेल्या स्पीकरच्या आतली हवाही हळूहळू तितकीच दमट होते, आणि तो एसीच्या थंड झोतासमोर ठेवला की आतल्या गार भागांवर दव धरू शकते. पाण्याचा थेंबही न लागता गंजलेले स्पीकर पाहायला मिळतात, त्यामागे हेही एक कारण असते.

आता आवाजाकडे येऊ. खर्जाचा स्वर काढायचा म्हणजे पुष्कळ हवा हलवावी लागते; तोच मोठेपणा राखून कंपनसंख्या निम्मी करायची, तर पडद्याने चौपट हवा ढकलायला हवी. मुठीएवढ्या ड्रायव्हरला, म्हणजे विजेवर हलून आवाज काढणाऱ्या मुख्य भागाला, ते झेपत नाही. घरातल्या मोठ्या स्पीकरांच्या पेटीला यासाठी एक भोक असते आणि त्यातून आतली हवा लयीत हिंदकळते. पाण्यात जाणाऱ्या स्पीकरला भोक ठेवता येत नाही, म्हणून भोकाच्या जागी वजनदार रबरी पडदा बसवतात. त्याला कॉइल नसते, तार नसते. ड्रायव्हर आत-बाहेर हलला की कोंडलेली हवा त्या पडद्याला ढकलते आणि ओढते. याला पॅसिव्ह रेडिएटर म्हणतात. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील ध्वनितज्ज्ञ हॅरी ओल्सन यांना तिचे पेटंट १९३५ मध्ये मिळाले. मृदंगाच्या एका तोंडावर थाप पडली की आतल्या हवेच्या आधाराने दुसरे तोंडही थरथरते, हे ज्याने हात लावून अनुभवले आहे त्याला ही रचना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

मृदंगाच्या खोडाला तडा गेला तर जे होते, तेच इथेही होते. हवेला निसटायला फट मिळाली, की ड्रायव्हरने दिलेला धक्का पडद्यापर्यंत पूर्ण ताकदीने पोहोचत नाही. वरच्या पट्टीतल्या स्वरांना या हवेच्या आधाराची गरज नसल्याने शब्द, बासरी, टाळ जसेच्या तसे वाजतात. फक्त तळ निघून जातो. फट अरुंद असेल, तर मोठ्या आवाजात प्रत्येक ठोक्याबरोबर फुस्स असा बारीक श्वासही कानावर येतो.

फट कशी पडते, हे समजायला प्रेशर कुकरइतके चांगले उदाहरण नाही. कुकरची रिंग फाटत नाही; ती बसते. वर्षानुवर्षे एकाच जागी दाबली गेल्याने आणि उष्णतेने रबरातली उसळी निघून जाते, मग वाफ कडेने निघू लागते आणि शिट्टी होत नाही. स्पीकरच्या सांध्यांतली आणि चार्जिंगच्या झाकणाखालची रबरी कडी याच वाटेने जाते. तिच्यावर उन्हाचा, घामाचा, तेलकट हातांचा परिणाम होतो. अंगाला लावायच्या काही डासप्रतिबंधक मलमांत डीट नावाचे रसायन असते आणि ते अनेक प्लास्टिकांना मऊ करते, त्यामुळे ते लावलेल्या हाताने स्पीकर उचलू नये. येऊरच्या बाजूला सहलीला जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवाने डाग पुसण्याचा मोह तर कटाक्षाने टाळला पाहिजे.

अलिबागच्या वाळूचा दोष थोडा निराळा आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या वाळूत लोहयुक्त काळे कण असतात, आणि ड्रायव्हरमागचे चुंबक जोरदार असल्याने ते जाळीतून आत येऊन चिकटून बसतात. पडद्याच्या कडेची जी वळी असते तिच्यात असे कण अडकले की ठरावीक स्वरांवर कागद फडफडल्यासारखा आवाज येतो. पुष्कळदा लोक ड्रायव्हर फाटला म्हणून स्पीकर टाकून देतात. साध्या पाण्याची संथ धार आणि मऊ कुंचला एवढ्यानेही तो सुधारू शकतो.

यापेक्षा मोठा प्रश्न मिठाचा आहे, आणि ठाणे व नवी मुंबईत राहणाऱ्यांना तो समुद्रावर न जाताही भेडसावतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळते, क्षार राहतात. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पावसाळ्यात पाणी सुटते, ते हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर मीठ हवेतला ओलावा शोषून विरघळू लागते म्हणून. चार्जिंगच्या खोबणीत राहिलेला मिठाचा कण नेमका तसाच वागतो. मे महिन्यात तो कोरडा आणि निरुपद्रवी असतो. जुलैत तोच खाऱ्या पाण्याचा थेंब होतो आणि आठवडेच्या आठवडे वाळत नाही. अशा खोबणीत चार्जरची पिन खुपसली की शेजारशेजारच्या दोन संपर्कांत ५ व्होल्टचा फरक आणि मधे खारे पाणी अशी अवस्था येते. ही विद्युतविच्छेदनाची छोटी प्रयोगशाळाच झाली. धन बाजूचा संपर्क झिजतो, हिरवट-काळी राख जमते, आणि काही दिवसांनी 'चार्जरची पिन हलवली तरच चार्ज होतो' अशी तक्रार सुरू होते.

खाडीची हवा त्यात आपली भर घालते. खारफुटीखालच्या चिखलात हवेविना कुजणाऱ्या पदार्थांतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या पुलावरून जाताना नाकाला जो वास येतो, त्यात तो असतो. हा वायू चांदी आणि तांबे काळे करतो. आमच्याकडची चांदीची निरांजने पुण्यातल्या बहिणीच्या निरांजनांपेक्षा लवकर काळवंडतात, आणि आमच्या भागातले एसी दुरुस्त करणारे तांब्याच्या कॉइलला बारीक गळती लागल्याची तक्रार दरवर्षी ऐकवतात. स्पीकरच्या खोबणीतले संपर्क सोन्याचा मुलामा दिलेले असले तरी तो मुलामा अत्यंत पातळ असतो, आणि पिनेच्या घासण्याने तो जिथे विरला तिथून खालचा धातू उघडा पडतो.

उपाय अवघड नाही, पण त्याचा क्रम चुकवून चालत नाही. खाऱ्या किंवा तरणतलावाच्या पाण्यातून आलेला स्पीकर झाकण घट्ट लावून नळाच्या संथ धारेखाली धुवावा, म्हणजे क्षार निघून जातील. नंतर तो झटकावा, पुसावा आणि खोबण खालच्या दिशेला येईल असा सावलीत, पंख्याखाली ठेवावा. पावसाळ्यात मी किमान एक पूर्ण दिवस चार्जर लावत नाही. हेअर ड्रायरची उष्ण हवा चिकटवलेले सांधे सैल करते, आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्याने हवेत वाळण्यापेक्षा विशेष काही साधत नाही. उलट तांदळाची भुकटी खोबणीत जाते. धुतल्यानंतर लगेच आवाज घुसमटलेला वाटला तर घाबरू नये. जाळीत आणि पडद्यांवर साचलेल्या पाण्याचे वजन आवाजाला दाबते. उभा-आडवा करून झटकल्यावर आणि काही तास गेल्यावर तो मोकळा होतो.

खर्ज हरवण्याचे दुसरे मोठे कारण बॅटरीत असते, आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही, कारण बॅटरी म्हटले की आपण फक्त 'किती तास चालतो' एवढाच हिशेब करतो. लिथियम-आयन सेल १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या विकासासाठी २०१९ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळाला. साधारणतः चार्ज होण्याच्या आणि रिकामे होण्याच्या ३०० ते ५०० पूर्ण आवर्तनांनंतर तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते, हे अनेकांना ठाऊक असते. पण वयाबरोबर तिचा अंतर्गत रोध वाढतो, आणि आवाजाच्या दृष्टीने हा बदल अधिक महत्त्वाचा आहे.

हा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. एका सेलवर चालणारा स्पीकर डग्ग्याच्या घुमाऱ्याच्या क्षणी २० वॅट मागतो असे धरू. ३.७ व्होल्टच्या सेलमधून त्यासाठी ५ अँपियरहून अधिक प्रवाह निघायला हवा. नव्या सेलचा आणि जोडण्यांचा मिळून रोध ०.०५ ओहम असेल, तर सेलचे व्होल्टेज त्या क्षणापुरते पाव व्होल्टने खाली येते, आणि कोणाला काही कळत नाही. वय झालेल्या सेलमध्ये हाच रोध ०.१५ ओहम झाला, तर तीच मागणी पाऊण व्होल्ट खाऊन टाकते. सेल अर्धी रिकामी असताना हे घडले की व्होल्टेज ३ च्या खाली घसरते आणि संरक्षक सर्किट सेल तोडते, किंवा त्याआधीच स्पीकरचा प्रोसेसर सावध होऊन खर्ज कमी करतो. म्हणजे 'बॅटरी ५० टक्के' असे दाखवणारा स्पीकर मोठ्या आवाजात अचानक बंद पडतो आणि पुन्हा चालू केल्यावर हळू आवाजात तासभर बिनतक्रार गातो. हा भुताटकीचा प्रकार नाही. सेलमध्ये ऊर्जा आहे, पण ती भराभर देण्याची ताकद उरलेली नाही.

सेलला लवकर म्हातारपण येते ते उष्णतेने आणि पूर्ण भरून ठेवल्याने. ४० अंशांच्या आसपास, पूर्ण भरलेली सेल वर्षभर पडून राहिली तर तिची सुमारे एक तृतीयांश क्षमता जाऊ शकते. अर्धवट भरलेली तेवढ्याच उष्णतेत त्याच्या निम्म्याहून कमी गमावते. प्रत्येक सेलच्या रसायनानुसार आकडे थोडे हलतात, पण दिशा तीच राहते. त्यामुळे गाडीच्या डॅशबोर्डवर स्पीकर ठेवणे, किंवा तो कायम चार्जरला लावून घरचा रेडिओ करून टाकणे, ही दोन्ही त्याचे आयुष्य घटवणारी कामे आहेत. पूर्ण रिकामा करून कपाटात विसरणेही तितकेच वाईट, कारण उरलीसुरली ऊर्जा सावकाश गळून सेल अशा पातळीला जाते की चार्जर तिला ओळखतच नाही. महिना-दोन महिने वापर नसेल तर निम्मा चार्ज ठेवावा.

काही बदल मात्र वयाचे नसतात आणि त्यांचा दोष स्पीकरच्या माथी मारू नये. मानवी कानाला हळू आवाजात खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. म्हणून स्पीकरचा प्रोसेसर हळू आवाजात खर्ज वाढवतो आणि आवाज चढवत नेला की पडदा फाटू नये म्हणून तो कमी करतो. पूर्ण आवाजात खर्ज पातळ वाटणे हा नव्या स्पीकरचाही स्वभावच असतो. तसेच अर्धा तास जोरात वाजल्यावर आवाज किंचित बसतो, कारण तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशामागे सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. थंड झाल्यावर तो पूर्ववत होतो. 'चुंबक उतरले' हे निदानही मी अनेकदा ऐकले आहे आणि त्यावर माझा अजिबात विश्वास नाही. या स्पीकरांतले निओडिमियमचे चुंबक घरगुती तापमानात काही वर्षांत उतरत नाही. त्याच्यावरचा मुलामा जाऊन ते गंजले तर गोष्ट वेगळी, पण तोवर आतले बाकीचे सारे आधी गेलेले असते. पाण्याखाली ब्लूटूथ तुटणे हादेखील बिघाड नव्हे, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेते.

तेव्हा खर्ज गेल्यावर दोष रबराचा की बॅटरीचा, हे घरच्या घरी कसे ओळखावे? स्पीकर पूर्ण चार्ज करून, नेहमीच्या एकाच जागी, भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर ठेवावा, कारण कोपऱ्यात सरकवला की कोणताही स्पीकर अधिक घुमतो आणि तुलना फसते. ज्याचा डग्गा किंवा पखवाज आपल्याला पाठ आहे असे एकच ध्वनिमुद्रण दर वेळी लावावे. हळू आवाजातही तळ गायब असेल, तर हवा निसटते आहे असे समजावे आणि अंगठ्याची परीक्षा घ्यावी, अर्थात नखाने किंवा टोकाने पडदा न दाबता. हळू आवाजात सारे ठीक असून चढवताना आवाज आचके देत असेल, आणि चार्ज निम्म्यावर आल्यावर ते वाढत असेल, तर सेल थकलेली आहे. फोनवर ४० ते २०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा स्वर वाजवणारी मोफत ॲप मिळतात; त्या चढणीत एखाद्याच ठिकाणी फडफड झाली, तर वाळू किंवा सैल झालेली जाळी शोधावी.

आमच्या स्पीकरमध्ये दोन्ही दोष निघाले. दुकानातल्या तरुणाने चार्जिंगचे झाकण उलगडून भिंगाखाली धरले, तेव्हा रबरी कडीच्या खाचेत पांढरट क्षाराची रेघ आणि तिच्यात आडवा रुतलेला वाळूचा एक कण दिसला. कडी त्या कणाभोवती कायमची वाकली होती. खोबणीतल्या एका टोकाचा संपर्क हिरवा पडला होता. सेलचे पाकीट किंचित फुगले होते, बोटाने दाबून पाहण्याइतके नव्हे, आणि फुगलेली सेल कधी दाबूनही पाहू नये. त्याने सेल बदलली, कडी नवी बसवली, कडेने सीलंट भरले आणि संध्याकाळी स्पीकर हातात देताना सांगितले, "आवाज येईल, गॅरंटी. पण आता पाण्यात टाकू नका."

त्याचे म्हणणे योग्य आहे. कारखान्यात प्रत्येक सांधा ठरावीक दाबाने चिकटवला जातो आणि अनेक उत्पादक तयार स्पीकर हवेच्या दाबाने तपासून गळती मोजतात. दुकानात ती सोय नसते. एकदा उघडलेल्या स्पीकरवरचा 'आयपी ६७' हा छाप केवळ छापच उरतो. बॅटरी सहज बदलता येणे आणि पाणी न शिरणे या दोन अपेक्षा एकमेकींच्या वाटेत येतात, हे कायदे करणाऱ्यांनाही मान्य करावे लागले आहे: युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक नियमांनुसार फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे, पण मुख्यतः पाण्यात वापरण्यासाठी बनवलेल्या आणि धुता येणाऱ्या उपकरणांना त्यातून सवलत आहे; त्यांची बॅटरी जाणकार कारागिराला बदलता आली की पुरते. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. फुगलेली सेल ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकणे धोक्याचे असते, कारण कचऱ्याच्या गाडीत ती चेपली गेली तर पेट घेऊ शकते. आमची सेल टोकांना चिकटपट्टी लावून त्याने ई-कचऱ्याच्या खोक्यात ठेवली.

घरी आल्यावर स्पीकर नेहमीच्या फळीवर ठेवून तोच अभंग लावला. डग्गा परत आला होता, पूर्वीपेक्षा किंचित घट्ट वाटला, बहुधा नव्या सेलमुळे. मग अंगठ्याने डावा पडदा दाबून धरला आणि घड्याळाकडे पाहिले: उजवा पडदा फुगला आणि खाली बसायला त्याला सहा सेकंद लागले. तो आकडा आणि तारीख स्पीकरच्या बुडाला पेनने लिहून ठेवली आहे, म्हणजे पुढचा पावसाळा गेल्यावर तुलना करता येईल.